पहिल्या पडद्यावर कोणाची सत्ता?

'डिफॉल्ट' हा शब्द वाटतो तेवढा गरीब नाही. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला की पडद्यावर जे आपोआप समोर येतं ते डिफॉल्ट. कोणता ब्राउझर, कोणतं ऑफिस, कोणता कीबोर्ड, कोणती भाषा, यातलं काहीच तुम्ही ठरवलेलं नसतं. कोणीतरी आधीच ठरवून मोकळा झालेला असतो. नवखा माणूस ते बदलत नाही. बदलता येतं हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून जो डिफॉल्ट ठरवतो, तो राज्य करतो. एवढं सरळ आहे.

हा प्रश्न आज नालासोपाऱ्यात कशाला? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० पाहिजे, ठरावीक यादीतलाच प्रोसेसर पाहिजे. २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशिनी यादीबाहेर. म्हणजे आचोळे, तुळींज, संतोष भुवनच्या खोल्यांमधली सेकंडहँड मशीन, जी बापाने ओव्हरटाइम करून आणली, ती धडधाकट असून भंगार ठरली. ठरवलं कोणी? ज्याने ती मशीन कधी पाहिली नाही त्याने. अशा मशिनींवर मी पोरांना लिनक्स बसवून देतो. फुकट आहे, चालतं, मशीन पुन्हा जिवंत होते. पण बसवून झाल्यावर पहिल्या पडद्यावर काय ठेवायचं? खरी मारामारी तिथे आहे.

लिनक्सवाल्या पंडितांना विचारा. ते म्हणतात, इथे स्वातंत्र्य आहे, निवडा! डझनभर डेस्कटॉप आहेत, एडिटर तर मोजू नका. वा रे स्वातंत्र्य! रात्री विरार लोकलला लटकून घरी येणाऱ्या पोराने ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई यांच्यावर तौलनिक अभ्यास करावा काय? माहिती नसलेल्या माणसाला निवड देणं म्हणजे भुकेल्याच्या हातात इंग्रजी मेनूकार्ड देणं. आणि त्याने प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं: "आधी मॅन्युअल वाच." ही नवी भटशाही आहे. मंत्र बदलले, सोवळं तेच.

दुसरी टोळी म्हणते, नवख्याला काय कळतंय, थोडंच द्या. उबुंटूने एप्रिल २०१० च्या १०.०४ आवृत्तीत गिंप डिफॉल्टमधून काढून टाकलं. का? सर्वसामान्य माणसाला ते अवघड, आणि सीडीवर जागा खातं. हा सर्वसामान्य माणूस कुठे राहतो हो? आमच्याकडच्या पोराला पहिल्याच आठवड्यात जयंतीचा बॅनर करायचा असतो. फ्लेक्सवाल्याकडे कोरलड्रॉ असतं, ते विकत घ्यायची ऐपत नसते. त्याला गिंप आणि इंकस्केप पहिल्याच दिवशी पाहिजे. अवघड असेल तर शिकवा. काढून घेऊ नका.

आणि फुकट म्हणजे निर्मळ, असंही समजू नका. याच उबुंटूने ऑक्टोबर २०१२ मध्ये स्वतःच्या मशिनीतली फाइल शोधणाऱ्याला ॲमेझॉनचा माल दाखवायला सुरुवात केली. तेही डिफॉल्ट. आरडाओरडा झाला, रिचर्ड स्टॉलमनने त्याला हेरगिरी म्हटलं. तरी ते डिफॉल्टमधून जायला २०१६ उजाडलं.

आता भाषेचं बोलू. सोपारा हे काही कालचं गाव नाही. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. भाषा प्राकृत, लोकांना कळेल अशी. सम्राटाने आपलं डिफॉल्ट लोकांच्या बोलीत ठेवलं. आणि दोन हजारांवर वर्षांनी त्याच सोपाऱ्यात मशीन उघडते ती इंग्रजीत! लिब्रे ऑफिसचं मराठी भाषांतर आहे, फायरफॉक्सचं आहे, पूर्ण नसेल पण आहे. रेड हॅटने लोहित टंक २००४ सालीच मोकळे केले. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. पण हे सगळं सेटिंगच्या पोटात दडवलेलं. ज्या मशिनीवर 'नालासोपाऱ्यात' हा शब्द धड उमटत नाही, ती नालासोपाऱ्याच्या पोराची मशीन कशी?

कोणी म्हणेल, नोकरीला एमएस-सीआयटी लागतं, तिथे विंडोज आणि वर्ड शिकवतात, मग हे कशाला? बरोबर आहे. पोट पहिलं. म्हणूनच माझं म्हणणं असं की मेनू डाव्या कोपऱ्यात खाली ठेवा. हाताला लागलेली सवय ही काही मायक्रोसॉफ्टच्या बापाची इस्टेट नाही. फाइल आपोआप वर्डच्या साच्यात सेव्ह होईल असं लावून द्या, म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे अर्ज छापताना पोराची फजिती होणार नाही. शुद्धतावादी ओरडतील. ओरडू द्या. त्यांना अर्ज छापायचा नाहीये.

आणि हे जमत नाही असं कोणी सांगू नये. केरळने सरकारी शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली केली, मल्याळम आणि शाळेच्या विषयांची सॉफ्टवेअरं आधीच भरून. तिथे डिफॉल्ट मास्तरांच्या आणि पोरांच्या गरजेवरून ठरलं. आपल्याकडे ते कंपनीच्या कॅटलॉगवरून ठरतं.

तेव्हा वस्तीत मशीन बसवणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं:

१. चार जीबीच्या मशिनीला एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप. झगमगाट नको.
२. एका कामाला एकच सॉफ्टवेअर: फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस, व्हीएलसी. पाच-पाच पर्याय मांडून गोंधळ नको.
३. गिंप आणि इंकस्केप पहिल्या दिवसापासून.
४. मराठी मेनू, इनस्क्रिप्ट चालू, आणि कळांचा नकाशा कागदावर छापून भिंतीला. ज्याच्या घरात हिंदी किंवा गुजराती, त्याला त्याची भाषा.
५. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं बदलायचं कसं ते त्याच दिवशी शिकवायचं.

पाचवं कलम गाळलं तर पहिली चार फुकट. कारण मग आपणही मालकच झालो, फक्त गल्लीतले. डिफॉल्ट हा उंबरठा आहे, कुंपण नव्हे. पोराने तो ओलांडावा, आपण लावलेलं सगळं उपटून फेकावं आणि स्वतःचं लावावं. त्या दिवशी आपलं काम झालं असं समजायचं.