कोलारीचे जस्त कोणाचे?

नागपूरला देशाची खनिज-राजधानी म्हणण्याची सरकारी भाषणांना मोठी हौस आहे, आणि कचेऱ्यांची संख्या मोजली तर ते खोटेही नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय येथे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे ठाणे येथे, १९७२ साली केवळ खनिजशोधासाठी मिनरल एक्स्प्लोरेशन कॉर्पोरेशन या नावाने स्थापन झालेल्या कंपनीचे मुख्यालय येथे, राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय येथे. मँगनीज आणि कोळसा काढणाऱ्या दोन मोठ्या सार्वजनिक कंपन्यांचा कारभारही येथूनच चालतो. एवढा लवाजमा ज्या शहरात आहे, त्या शहरापासून आग्नेयेस उमरेड-भिवापूरच्या परिसरात कोलारी येथे जस्ताचा साठा आहे, तांबेखाणी येथे तांबे आणि जस्त एकत्र आढळले आहे, पुलर-परसोडीकडे तांबे आहे, आणि हे सर्व सरकारच्या दप्तरात नोंदलेले आहे. तरीही महाराष्ट्रात जस्ताचे उत्पादन होत नाही. देशात जे जस्त खाणीतून निघते ते राजस्थानातून.

यात अन्याय कोणता, असे कोणी विचारील. साठा लहान आहे, राजस्थानच्या मानाने नगण्य आहे, काढणे परवडत नाही. तज्ज्ञ असे म्हणत असतील तर पुढाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यात तोंड का घालावे? आमचा वाद नेमका येथूनच सुरू होतो. ‘परवडत नाही’ हे वाक्य भूशास्त्राचे नाही. खडकात किती टक्के जस्त आहे हे भूशास्त्र सांगते. तो खडक धातुक आहे की निव्वळ दगड, हे मात्र बाजारभाव, वीजदर, मजुरी, रेल्वेचे भाडे आणि मालकाची नफ्याची अपेक्षा ठरवते. धातुक म्हणजे फायद्याने धातू काढता येईल असा खडक, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकातच आहे. ‘फायदा’ हा शब्द त्या व्याख्येत असताना, तो कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार भिवापूरच्या शेतमजुराला नाही असे कोण म्हणेल?

आधी हे जस्त तेथे कसे आले आणि माणसांना कसे सापडले ते पाहू. नागपूरच्या उत्तरेला सौसर गटाचे खडक आहेत, मँगनीज त्यांतले. आग्नेयेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे पसरलेला त्रिकोणी पट्टा साकोली गटाचा. प्रोटेरोझोइक काळातील या पट्ट्यातील एका स्तरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी भिवापूरचेच नाव दिले आहे. चिखलाच्या थरांपासून बनलेल्या त्या खडकांत ज्वालामुखीचे दोन प्रकारचे खडक मिसळले आहेत : बेसाल्टच्या जातीचे काळे आणि रायोलाइटच्या जातीचे फिकट. जेथे सागरतळाशी असे ज्वालामुखी जागे असतात, तेथे खडकांच्या भेगांतून खोल गेलेले पाणी तापते, वाटेतील तांबे, जस्त, लोह आपल्यात विरघळवून घेते आणि पुन्हा वर येऊन थंड होताना गंधकाशी जोडलेल्या खनिजांच्या रूपाने ते टाकून देते. तांबे आणि जस्त एका जागी सापडण्याचे कारण हेच. नंतर भूकवचाच्या हालचालींनी हे थर दुमडले, दाबले गेले, तापले आणि मूळ रूप ओळखू येऊ नये इतके बदलले.

या दोन सोबत्यांच्या स्वभावात मात्र फरक आहे. तांबे बोलके असते. हवा-पाण्याने त्याचे खनिज कुजले की दगडावर मोरचुदासारखा हिरवा-निळा डाग उमटतो. गुराख्यालाही तो दिसतो. तांबेखाणीसारखी गावांची नावे पडतात ती अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांनी. जस्त मुके. स्फॅलेराइट हे त्याचे मुख्य खनिज पावसात विरघळते, जस्त पाण्याबरोबर निघून जाते, आणि माथ्यावर उरतो तो गंजक्या रंगाचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र लोहयुक्त दगड, ज्यात पाहणाऱ्याला लोखंडापलीकडे काही दिसत नाही. म्हणून जस्ताचा माग काढायचा तर माती चाळावी लागते, शेकडो ठिकाणचे नमुने रसायनशाळेत तपासावे लागतात, गाहनाइटसारखे न कुजणारे जस्तयुक्त खनिज सूक्ष्मदर्शकाखाली ओळखावे लागते, जमिनीत वीज सोडून खालचा खडक ती कशी वाहतो ते मोजावे लागते. आणि शेवटी भोक पाडावे लागते. हिऱ्याचे दात बसविलेली नळी शेकडो फूट खाली घालून दगडाचे दंडगोल बाहेर काढायचे, ओळीने पेटीत मांडायचे, मीटरमागून मीटर तपासायचे. या कामाला वर्षे लागतात आणि बहुतेक भोके रिकामी निघतात.

हे काम कोणी केले? एकाही भांडवलदाराने नाही. जनतेच्या करातून पगार घेणारे भूशास्त्रज्ञ, ड्रिलर, आणि रोजंदारीवर नमुन्यांची पोती वाहणारे गावकरी यांनी केले. रिकाम्या भोकांचा सगळा खर्च सार्वजनिक होता. खनिजशोधातील जोखीम हीच असते, आणि ‘जोखीम घेणाऱ्याला नफा मिळालाच पाहिजे’ हा तर भांडवलशाहीचा आवडता श्लोक आहे. तो श्लोक म्हणणाऱ्यांनी कोलारीचा हिशोब एकदा मांडून दाखवावा.

ब्रिटिश कंपनीला मध्य प्रांतातील मँगनीज लगेच दिसले, कारण ते उघड्यावर होते, आणि लगेच परवडले, कारण मजूर स्वस्त होता आणि विलायतेच्या पोलाद गिरण्यांना ते हवे होते. १८९६ मध्ये आलेल्या त्या व्यवहारातून आजची सार्वजनिक कंपनी उभी राहिली हे खरे. पण दगड येथला आणि कारखाना दुसरीकडे ही रीत त्या वेळी पडली ती पडलीच.

आता राजस्थानकडे वळू, कारण कोलारीचे भविष्य तेथे आधीच घडून गेले आहे. भीलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचा हा जगातील मोठ्या जस्तसाठ्यांपैकी एक. १९७७ साली तो राज्य सरकारच्या खाण खात्याने शोधला. हिंदुस्तान झिंक या सार्वजनिक कंपनीने १९९१ मध्ये तेथे खाण चालू केली. आणि २००२ साली, शोधाची जोखीम संपलेली, खाण उभी राहिलेली, कामगार तयार झालेले असताना, केंद्र सरकारने त्या कंपनीचे २६ टक्के समभाग व्यवस्थापनासह स्टरलाइट गटाला ४४५ कोटी रुपयांना देऊन टाकले. पुढल्या वर्षी आणखी हिस्सा गेला आणि कंपनी कायमची हातची गेली. आज तिचा एका वर्षाचा निव्वळ नफा दहा हजार कोटींच्या घरात आहे. या विक्रीची चौकशी व्हावी म्हणून अधिकाऱ्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये, विक्रीनंतर एकोणीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला रीतसर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याच गटाच्या तुतिकोरिन येथील तांब्याच्या कारखान्याविरुद्ध प्रदूषणग्रस्त लोक मे २०१८ मध्ये रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे मेली. कारखाना बंद झाला, आणि देश शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला. सार्वजनिक धातुउद्योग वेळीच वाढविला असता तर माणसांचे प्राण की देशाचे तांबे, असा पेच उभा राहिलाच नसता.

२००२ मध्ये जे एका कंपनीबाबत केले ते आता कायद्यानेच सर्वत्र करण्याची सोय झाली आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करून लिलाव हाच राजमार्ग ठरविण्यात आला. २०२३ च्या दुरुस्तीने एकोणतीस खनिजांसाठी, ज्यांत तांबे आणि जस्त दोन्ही आहेत, खाजगी ‘शोध-परवाना’ आणला. शोधणाऱ्या कंपनीला पुढे खाण घेणाऱ्याकडून मिळणाऱ्या लिलाव-रकमेत वाटा. मग आमचा सवाल असा की, खाजगी शोधकाला वाटा आणि सार्वजनिक शोधकाला काय? ज्या ड्रिलरने कोलारीच्या माळावर नळी घातली त्याचा, ज्या जनतेने त्याला पगार दिला तिचा, वाटा कोठे लिहिला आहे? राज्याला स्वामित्वधन मिळते, असे उत्तर येईल. मिळते, लंडनच्या धातुबाजारातील दराशी बांधलेले. त्याच्या दहा टक्के रक्कम लिलावात दिलेल्या खाणीकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जाते. ज्या गावाच्या पोटातून धातू निघणार त्याचा वाटा हा : स्वामित्वधनाचा दहावा भाग, तोही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीच्या मर्जीने.

येथे दोन प्रकारच्या मित्रांशी बोलणे भाग आहे.

पहिले, विदर्भाच्या मागासलेपणावर खनिज हा रामबाण आहे असे मानणारे. त्यांनी चंद्रपूरकडे पाहावे. कोळशाने तेथे धूर दिला, वीज मुंबईला दिली आणि गावकऱ्यांना खोल खड्डे दिले. भिवापूर-कुहीच्या लोकांना तर विकासाची किंमत ठाऊक आहे. १९८८ मध्ये गोसीखुर्दचा पायाभरणी समारंभ झाला तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी होता. तो हजारो कोटींवर गेला, गावे उठली, आणि पुनर्वसनाचे प्रश्न एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेले. त्याच माणसांच्या दारात उद्या खाण जाणार असेल तर ‘रोजगार येईल’ या दोन शब्दांवर त्यांनी अंगठा उठवावा काय? गंधकयुक्त खनिजाचा चुरा उघड्या हवेत आणि पावसात पडला की त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि जस्ताच्या धातुकाबरोबर बहुधा कॅडमियमही असते. हे पाणी शेवटी वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांधीत आणि भिवापुरी मिरचीच्या वावरात उतरणार. तिकडे अनुसूचित क्षेत्राचा दर्जा नाही; पेसा कायद्याने गडचिरोलीच्या ग्रामसभेला जो आधार आहे तो भिवापूरच्या ग्रामसभेला नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात ठेवावे.

दुसरे मित्र म्हणतात, खाणच नको. त्यांच्या कळकळीचा आदर आहे. पण लकडगंजात उभे राहून असे म्हणणे सोपे नाही. टालांवरचे आणि आरामशिनींवरचे छप्पर जस्ती पत्र्याचे, बादली जस्ती, विजेच्या खांबाला जस्ताचे पाणी. शेजारच्या भंडाऱ्याची ओळखच पितळेची, आणि पितळ म्हणजे तांब्यात मिसळलेले जस्त. पिढ्यान्‌पिढ्या पितळेची भांडी घडविणारे हात जेथे होते, त्याच पट्ट्याच्या जमिनीत ही दोन्ही खनिजे सापडावीत, आणि भट्टीत जाणारा धातू मात्र परमुलखातून विकत यावा, याला निसर्गनियम म्हणता येणार नाही. आपण धातू वापरणार आणि त्याचे विष झावरच्या आदिवासीने प्यावे, ही भूमिका समाजवादी होऊ शकत नाही. लकडगंजने जंगलाच्या बाबतीत हा धडा घेतला आहे : चांद्याचे सागवान येथे चिरले गेले तोवर हमालापासून सुतारापर्यंत हजारो हातांना काम होते, जंगल बेहिशोबी तोडले गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आले, आणि टालांवर परदेशी लाकूड दिसू लागले. त्या तोडीत कमावणारे ठेकेदार वेगळे होते. काम गमावणारे आरामशिनीवरचे मजूर होते.

म्हणून आमची मागणी ‘खाण काढा’ अशीही नाही आणि ‘खाण नको’ अशीही नाही. कोलारी, तांबेखाणी, पुलर-परसोडी येथील शोधाचे अहवाल, प्रत्येक भोकाची खोली, धातूचे प्रमाण, पाण्याची पातळी, हे सारे मराठीत छापून त्या त्या ग्रामपंचायतीत ठेवा. साठा परवडत नसेल तर कोणत्या भावाने आणि कोणत्या हिशोबाने परवडत नाही ते जाहीर करा. परवडत असेल तर लिलाव न करता कायद्याच्या कलम १७-अ खाली तो सार्वजनिक कंपनीसाठी राखून ठेवा. ही तरतूद आजही कायद्यात आहे, ती वापरण्याची इच्छा तेवढी नाही. खनिज शुद्ध करण्याचे काम विदर्भात व्हावे, आणि खाणीचा गाळ कोठे, किती वर्षे आणि कोणाच्या जबाबदारीवर साठणार हे ग्रामसभेच्या संमतीपूर्वी लेखी ठरावे. ग्रामसभेने नाही म्हटले तर ते नाही अंतिम मानावे.

नागपूर शाखेच्या साथींनी याची सुरुवात मुंबईच्या मोर्च्याने करू नये. या साऱ्या कचेऱ्या आपल्याच शहरात आहेत. लकडगंजातून शहर बसने तेथे जाता येते. माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज द्यावा, आलेली कागदपत्रे भूशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या तरुणांकडून सोप्या मराठीत उतरवून घ्यावीत, आणि पावसाळ्यापूर्वी, धानाच्या कामाला लोक जुंपण्याआधी, भिवापूर आणि उमरेडच्या आठवडी बाजारांत ती मोठ्याने वाचावीत.