दावण रिकामी होण्याआधी



या उन्हाळ्यात आर्वी तालुक्यातल्या आपल्या एका गावात तीन घरांनी बैल विकले. सावकाराचा तगादा नव्हता, घरात लग्नही नव्हतं. ढोरं चारायला जागा राहिली नाही म्हणून विकले. गावाचा कळप पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेनं जंगलात जायचा, त्या वाटेवर काटेरी तार लागली. आत नवी रोपं आहेत, असं सांगण्यात आलं. दोनदा ढोरं कोंडवाड्यात गेली, दोनदा पैसे भरून सोडवून आणली. तिसऱ्यांदा भरायला पैसे नव्हते. त्यातल्या एका बुढ्या बाबानं रिवाजाप्रमाणं दावं मागं ठेवून घेतलं. ते खुंटीला टांगलेलं आहे. आम्ही घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "आता पेरणीले दुसऱ्याच्या बैलाची वाट पाहाची." बाकी काही बोलले नाहीत.

लोकांना वाटतं, बैल गेला म्हणजे एक जनावर गेलं. आपल्याला माहीत आहे, काय काय जाते ते. चार एकर कोरडवाहू शेती असलेलं आपलं घर पाहा. माय पहाटे उठते, गोठ्यातलं शेण काढते. त्यातलं काही उकिरड्यावर जाते, काहीच्या गवऱ्या होतात. गाय शेरभर दूध देते, ते लेकरांना आणि चहाला पुरते. बैल वखर ओढतात, पेरणी करतात, पिकात डवरा चालवतात, बंडी जुंपून जळतण आणि कापूस आणतात. शेणखत पडलं तर खताच्या दोन थैल्या कमी घ्याव्या लागतात. पोरगं तापानं फणफणलं की बकरी विकायची, पाहुणा आला की कोंबडी. बँकेत आपलं खातं असो की नसो, दावणीला आपलं खातं असते. एक बैल गेला की नांगराचं भाडं, खताचा पैसा, बंडीचं भाडं, सगळं रोख द्यावं लागते. आणि रोख पैसा आपल्या घरात सगळ्यात कमी असते.

ही दावण शेतातल्या चाऱ्यावर भरत नाही. पूर्वी ज्वारी होती, तेव्हा कडबा होता. आता कपाशी आणि सोयाबीन आलं. पऱ्हाटी ढोरं खात नाहीत. सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार किती दिवस पुरते, हे घरच्या बाईला विचारा. म्हणजे पावसाळा आणि हिवाळा जंगलातल्या गवतावर, उन्हाळा पाल्यावर. कुसळी कोणत्या बरडावर कोवळी असते, पवन्या कुठं वाढते, चैतात अंजनाचा पाला कुठं मिळते, कोणत्या डोहात मे महिन्यातही पाणी राहते, हे आपल्या गायक्याच्या डोक्यात आहे. कागदावर कुठंच नाही. तिथंच आपण मार खातो.

गायकी म्हटलं की गोवारी समाजाचं नाव येते. सकाळी आखरावर ढोरं गोळा करणारा आणि दिवस बुडता घरोघर पोचवणारा हा माणूस. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी सगळं गाव त्याला मान देते. आपल्या हक्काची यादी मागायला हाच समाज 23 नोव्हेंबर 1994 ला नागपूरला विधानभवनावर गेला होता. तिथं चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरं होती. कुरण तुटलं तर आदिवासीचा बैल जाते आणि गोवाऱ्याची रोजी जाते. हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे.

आपल्या आर्वी-कारंजा-आष्टीचा पट्टा म्हणजे गवळाऊ जनावराचं घर. पांढरं, चपळ, बंडीला पळणारं, कमी चाऱ्यावर टिकणारं. सरकारनं त्यासाठी हेटीकुंडीला प्रक्षेत्र ठेवलं आहे. वर्ध्याला 1941 मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवेचं काम उभं केलं. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांवरून पंतप्रधानांचं पॅकेज आलं, विदर्भातल्या 6 जिल्ह्यांत वर्धाही होता, आणि त्यात दुधाळ गाई वाटायची योजना होती. संकरित गाय ढेप मागते, हिरवा चारा मागते, भरपूर पाणी मागते. ज्याच्या घरी माणसाच्या पाण्याची ओरड, तो तिला काय घालणार? गाय द्यायला सरकार तयार असते. आम्ही विचारतो, गाय चरणार कुठं?

याचं उत्तर कायद्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1) वाचा. त्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, गावातल्या ढोरांचा आणि फिरत्या पशुपालकांचाही. त्याच कलमात आपलं सामूहिक जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क आहे. आपण मात्र काय केलं? बहुतेकांनी नमुना अ भरला, म्हणजे आपापल्या कसत्या जमिनीचा दावा. तो भरलाच पाहिजे. पण जमिनीचा पट्टा मिळाला आणि बैल गेला, तर पट्टा घेऊन काय नांगरणार? चराई, पाणी, जळतण यासाठी नमुना ब आहे. सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथले लोक आपल्यासारखेच गोंड आहेत. ग्रामसभा बसली, सगळ्यांच्या मतानं ठरवलं आणि मागं हटली नाही.

पुरावा कुठून आणायचा, असं बरेच जण विचारतात. नियम 13 मध्ये गावाच्या पारंपरिक चराईच्या जागा, चारा गोळा करायच्या जागा आणि ढोरांच्या पाण्याच्या जागा हाच पुरावा धरला आहे. देवराई, पेनठाणा, जुनं तळं, स्मशान हेही चालते. आपला भाग मध्यप्रांतात होता. मालगुजारी 1951 मध्ये गेली, त्यानंतर गावोगावची निस्तार पत्रकं झाली. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल तलाठ्याकडं, तहसिलीत लेखी अर्ज देऊन मागा आणि पोच घ्या. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. गोवारी, गवळी भावांनी 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवायचा आहे. त्यांना सोबत घेऊनच दावा करा.

आणि ग्रामसभा नुसती सह्यांची करू नका. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणं निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. आम्ही तर म्हणतो, चराईच्या विषयात बायाच आधी बोलल्या पाहिजेत. शेण त्या काढतात, चाऱ्याचा भारा डोक्यावर त्या आणतात, आणि बैल विकताना त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. हक्क मागणारानं जंगल ओरबाडून चालत नाही. कोवळ्या रोपांत बकऱ्या घुसतात, हे खोटं नाही. गवतासाठी डोंगराला आग लावणारे आपल्यातही आहेत. कायद्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिला आहे, म्हणजे जबाबदारीही दिली आहे. तार लावायची की नाही, कोणता भाग दोन पावसाळे बंद ठेवायचा, कोणता उघडायचा, बकऱ्या कुठं न्यायच्या नाहीत, हे गावानं बसून ठरवावं आणि पाळावं. आपण ठरवलं नाही तर दुसरा कोणी येऊन ठरवते, आणि मग आपली ढोरं कोंडवाड्यात दिसतात.

पोळा आता दूर नाही. पोळ्याच्या आधी प्रत्येक गावानं तीन कामं करावीत. एक, गायकी आणि दोन जुनी माणसं सोबत घेऊन जंगल फिरा आणि आखर, चराई, पाणवठे, ढोरांच्या वाटा कागदावर काढा. अक्षर ओळखणाऱ्या पोरापोरींनी लिहून घ्या. दोन, ग्रामसभेत तो नकाशा वाचून दाखवा, ठराव करा. तीन, वनहक्क समितीमार्फत तपासणी करून दावा आर्वीला उपविभागीय समितीकडं द्या आणि पोच जपून ठेवा. अडचण आली तर आम्हाला निरोप द्या, आम्ही येतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. लेकरं लाकडी बैल घेऊन दारोदार येतात, आपण त्यांच्या हातावर पैसे ठेवतो. ज्या तीन घरांत यंदा दावण रिकामी आहे, त्या घरातली लेकरंही येतील. त्यांना पुढच्या साली गोठ्यात खरा बैल दिसला पाहिजे. एवढं काम आपलं आहे.

जय सेवा!