भोपळ्याचा वेल आणि आपले ताट

मागच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजींनी स्वतःच्या दुखण्याऐवजी लाल भोपळ्याची तक्रार सांगितली. परसातला वेल छान पसरला आहे, फुलेही भरपूर येतात. पण बोराएवढे फळ दिसले की ते पिवळे पडून गळते. "डॉक्टर, कुणाची दृष्ट लागली म्हणावी?"

दृष्ट वगैरे काही नाही. भोपळ्याच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. पहाटे उमललेले फूल ऊन चढले की मिटते. तेवढ्या वेळात नरफुलातले पराग मादीफुलात पोचले तरच फळ पोसते. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. मी विचारले, "सकाळी वेलावर माश्या दिसतात का?" आजी म्हणाल्या, "मागे करंज होता तेव्हा नुसती गुणगुण असायची. रस्ता रुंद झाला, झाड गेले."

आरोग्याच्या सदरात मधमाशी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. गहू, तांदूळ, ज्वारी यांना मधमाशीची गरज नसते. म्हणजे माश्या नसल्या तरी पोट भरेल. परंतु 'अ' जीवनसत्त्व देणारा लाल भोपळा व आंबा, तसेच काकडी, कारले, कलिंगड, शेवगा, सूर्यफूल ही सारी कीटकांची मिंधी आहेत. कांदा, कोबी, गाजर यांचे बीसुद्धा त्यांच्यावाचून नीट धरत नाही. माश्या घटल्या की भाजी-फळे घटतात, भाव चढतात आणि गरिबाच्या ताटातून सर्वांत आधी भाजी जाते. मग आम्ही डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतो!

मधमाश्यांना बारा महिने खाणे लागते. आपली गावठी झाडे ते पाळीपाळीने पुरवतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी काटेसावर, पळस, पांगारा फुलतात. मग करंज, जांभूळ, कडुनिंब. पावसाळ्यात बांधावर तेरडा व सोनकी, पाठोपाठ बोरीला मोहर. एक फुलोरा सरेपर्यंत दुसरा तयार असतो. आपले वृक्षारोपण मात्र लवकर वाढणारे किंवा शोभेचे झाड पाहून होते. एकाच जातीची रांग लावली तर तिचा बहर ओसरल्यावर माशीने जायचे कुठे? रोपांच्या संख्येपेक्षा जातींची निवड महत्त्वाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी लोकशिक्षण हवे. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. प्रत्येक गाव मांघर होणार नाही. पण शाळेतील मुलांना गावातली दहा झाडे व त्यांचे फुलण्याचे महिने ओळखता यावेत, हे अवघड नाही. महिला मंडळांनी वडाइतकेच अगत्य करंज-जांभळालाही दाखवावे. शेतकरी बांधवांनी फुलोऱ्यातल्या पिकावर शक्यतो औषध मारू नये. मारावेच लागले तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारावे.

मोहोळ दिसले की जाळायची घाई करू नका. वर्दळीच्या जागी असेल तर जाणकाराकडून हलवून घ्या. माशी चावलीच तर काटा ताबडतोब काढा व गार पाण्याची पट्टी ठेवा. दम लागणे, चेहरा सुजणे, चक्कर येणे किंवा एकाच वेळी अनेक माश्या चावणे, यांपैकी काहीही झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठा. आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका, तो कितीही शुद्ध असो.

आजींना मी सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला हलकेच टेकवायला सांगितले. परवा त्या सांगून गेल्या, दोन भोपळे धरले आहेत. पण साऱ्या जिल्ह्याच्या वेलींची फुले हाताने टेकवायला कोण जाणार? त्यापेक्षा यंदा पावसाळ्यात दारात किंवा बांधावर एक करंज लावावा, हे सोपे.