वस्तीच्या राखणदाराचीही काळजी घ्या

सभासद बंधूंनो, बैलाला लाळ-खुरकुताची लस आपण न चुकता टोचून घेतो. पण रात्रभर वस्ती राखणाऱ्या कुत्र्याची पाळी आली की 'त्याला काय होतंय!' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते ही काटकसर महागात पडेल. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही, आणि हंगामात तोडकऱ्यांची पोरंही फडातच असतात. म्हणून पिल्लाला 3 महिन्यांचे होताच लस टोचावी, पुढे डॉक्टर सांगतील तशी. गोचिडांवर पिकाचे औषध फासू नये. कुत्रा ते चाटून दगावतो. कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुवावी. चुना-मिरची न भरता तडक दवाखाना गाठावा. सभासदांनी याचा जरूर विचार करावा.