गोळी अडवणारा फळा, न लागणारं कुलूप

अमेरिकेत शाळांसाठी गोळी अडवणारे फळे न् बाक विकायला आलेत. पण टेक्सासमधल्या युवाल्डीत २४ मे २०२२ ला काय झालं बघा. १८ वर्षांच्या पोरानं रायफलीनं १९ लेकरं आणि २ शिक्षिका मारल्या. तो बहुधा १११ नंबरच्या वर्गाच्या दारातून शिरला. ते कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत माहीत होतं. दुरुस्तीचा लेखी अर्जच कुणी केला नव्हता, असं आमदारांच्या चौकशी समितीनं लिहिलंय. आधी २०१२ ला सँडी हूक शाळेत २० लेकरं गेली, तेव्हाच्या आयोगानं २०१५ मध्येच सांगितलं होतं, वर्गाला आतून कुलूप हवं. माझ्या मते बाकाला पोलाद ठोकायच्या आधी दाराची कडी तपासावी. युवाल्डीत पोलीस दाराबाहेर ७७ मिनिटं थांबले होते.