जाहीर इशारा : कार्ड आम्ही दाखवू, यादी तुम्ही दाखवा

बीड जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळी उरकली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात आणि हंगाम संपेपर्यंत फडातच राहतात. तोवर घराला कुलूप असतं, फार तर ओसरीत एखादी म्हातारी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही कुलूप बघून मतदार यादीत आमच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारण्याचा विचार असेल, तर घरोघर यादी तपासणाऱ्या बीएलओपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी हा मजकूर नीट वाचावा.

मतदानाला फोटोचं ओळखपत्र मागतात याबद्दल आमची तक्रार नाही. मागाच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये या कार्डाचा आग्रह धरला, तेव्हा भल्याभल्या पुढाऱ्यांना घाम फुटला होता आणि आमच्यासारख्यांना बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत गरिबाचं मत दुपारी कुणीतरी दुसराच टाकून गेलेला असायचा. कार्ड नाही तर निवडणूकच नाही, इथपर्यंत शेषन गेले. ते सर्वोच्च न्यायालयाने चालू दिलं नाही. कार्डं झाली नाहीत म्हणून लोकांचं मतदान अडवता येणार नाही, ही रेघ तेव्हाच ओढली गेली. ती पुसायचा प्रयत्न आता केंद्रावरच्या टेबलामागे बसून कुणी करू नये.

लोकसभा-विधानसभेला मतदार कार्ड नसेल तर निवडणूक आयोगाने ठरवलेल्या बारा कागदांपैकी कोणताही एक चालतो. आधार, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, लायसन्स, पॅन, दिव्यांगांचं यूडीआयडी, अशी ती यादी आहे. नावात काना-मात्रेची चूक असेल आणि माणूस तोच आहे हे पटत असेल, तर ती चूक सोडून द्यावी, असंही आयोगानेच सांगून ठेवलं आहे. ‘कार्डच आणा’ म्हणून पासबुकवाल्या बाईला परत पाठवलं, तर परत पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ जागेवरच लिहून घेतली जाईल. आपल्या माणसांनाही बजावतो : झेरॉक्स आणि मोबाइलमधला फोटो चालत नाही, त्यावरून तिथे वाद घालू नका. ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे कार्ड ठेवलं असेल तर आजच परत मागा. आणि मुकादमांनो, मागितल्यावर ते द्या.

पण खरी गोम कार्डात नाही, मतदार यादीत आहे. खिशात बाराच्या बारा कागद असले आणि यादीत नाव नसलं, तर त्यांचा उपयोग शून्य. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की तात्पुरता घराबाहेर गेलेला माणूस तेवढ्यावरून तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. ऊसतोड तात्पुरती नाही तर काय आहे? विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. तारीख आम्हाला विचारून ठरत नाही. निदान नाव तरी जागेवर असू द्या.

बिहारमध्ये २०२५ च्या मतदार यादी पडताळणीत सुमारे ६५ लाख नावं मसुदा यादीबाहेर गेली. कोणाचं नाव का गेलं हे जाहीर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तो आदेश आम्हीही वाचलेला आहे.

आता सात नंबरच्या फॉर्मचे बहाद्दर. दुसऱ्याचं नाव कापण्यासाठी हा अर्ज भरला जातो. अक्कलकोटच्या शेजारी, कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघात असे ६०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासले तेव्हा खरे निघाले २४. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला. आपल्याकडच्या बूथ एजंटांनी याचा अर्थ समजून घ्यावा. खोट्या निवेदनाला १९५० च्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. नोटीस न देता, ऐकून न घेता नाव उडवणाऱ्या अधिकाऱ्याने कलम ३२ वाचावं : कर्तव्यात कसूर ठरली तर किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं.

आमच्यातलेही सुटणार नाहीत. गावात एक नाव आणि पिंपरी-चिंचवडला दुसरं, अशी मजा करणाऱ्यांनी एक नाव स्वतःहून काढून घ्यावं. भावकीतला आहे म्हणून कुणाला झाकणार नाही.

हा इशारा छापून आल्यापासून १५ दिवस. तेवढ्यात वगळलेल्या नावांची यादी कारणांसकट ग्रामपंचायतीत लागली पाहिजे आणि फडावर असलेल्यांची नावं पूर्ववत झाली पाहिजेत. सोळाव्या दिवशी प्रत्येक नावासाठी वेगळा अर्ज जाईल, नाकारला तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील होईल. कलम ३२ ची फिर्याद आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या अधिकाराखालीच होते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ती मागणी तहसीलच्या टपालात पडणार नाही, मुंबईला मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाईल. मतदानाच्या दिवशी कुणाच्या नावावर आधीच मत पडलेलं आढळलं, तर तो माणूस घरी जाणार नाही. तो टेंडर्ड व्होट मागेल. ते मत मोजणीत धरत नाहीत, पण कोर्टात उपयोगी पडतं. आणि तोतया समोर दिसला, तर आमच्या बाजूचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून तिथल्या तिथे आक्षेप घेईल. पावती घेऊनच.