अर्ध्या वाटेवरचे दर्शन

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास आपण सारे एकच प्रश्न विचारतो, "काय, कसा झाला प्रवास?" आणि तोही ठरलेलेच उत्तर देतो, "छान झाला." विचारणाऱ्याचे कुतूहल खोटे नसते, सांगणाऱ्याच्या मनातही कपट नसते, तथापि या दोन शब्दांत प्रवास मात्र कोठेच सापडत नाही. गाडी उशिरा आली, धर्मशाळेत डासांनी रात्र काढू दिली नाही, ज्या खाणावळीची कीर्ती ऐकून गेलो तेथील वरण गार होते, हे सारे त्या एका "छान"खाली जाते. पंगतीत न आवडलेली भाजी आपण पत्रावळीच्या कडेखाली सारतो, त्यातलाच हा प्रकार होय.

आमच्या देवणीच्या नावाने एक गोजात सर्वत्र ओळखली जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तिचे तीन प्रकार मानतात. बाजारात बैल घ्यावयास आलेला शेतकरी "जनावर छान आहे" एवढ्या शब्दावर पैसे मोजीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, जनावर चार पावले चालवून पाहतो आणि मगच चंचीला हात घालतो. बैलाच्या बाबतीत इतका चोखंदळ असलेला मनुष्य यात्रेच्या, सहलीच्या वा उपाहारगृहाच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या कोरड्या शब्दावर विसंबून वृद्ध आईवडिलांस व लेकरांस घेऊन निघतो. म्हणून आमच्या चौघा मित्रांच्या सायंकाळच्या बैठकीत आम्ही एक नियम घालून घेतला होता, की जो कोणी गावाबाहेर जाऊन येईल त्याने काय पाहिले, काय खाल्ले व काय सोसले ते आडपडदा न ठेवता सांगावे. या नियमाचा पुरस्कर्ता कोण म्हणून विचाराल, तर तो मान आमचाच. आणि तो मोडला कोणी, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

गेल्या मार्गशीर्षात वकीलसाहेब, वैद्यबुवा, निवृत्त पोस्टमास्तर आणि आम्ही असे चौघे बिदरास जाऊन आलो. बिदर आम्हांस परके नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळी उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच मोडत असे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बिदर कर्नाटकाकडे, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेले आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो. पुढे 1982 साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमच्या आजोबांच्या पिढीस जिल्ह्याचे काम म्हणजे बिदरची वाट, हे समीकरण ठाऊक होते; आमच्या नातवंडांस मात्र ते परराज्य वाटते.

उदगिराहून आगगाडीने कमालनगर व भालकी ही स्थानके मागे टाकून आम्ही बिदरास उतरलो. जांभ्या दगडाचा तो विस्तीर्ण किल्ला, रंगीन महालातील शिंपल्याचे जडावकाम आणि वजीर महमूद गवान याने पंधराव्या शतकात बांधविलेला मदरसा आम्ही पाहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात या इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर रंगीत फरशांचे तुकडे अजून उन्हात चमकतात. ज्याने ही विद्याशाला उभारली त्याला त्याच्याच सुलतानाने 1481 साली देहदंड दिला, हे आठवून आम्ही शाळामास्तर या नात्याने तेथे क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. वकीलसाहेबांनी त्याच वेळी पाय दुखत असल्याचे जाहीर केले.

दुपारी एका लहानशा खाणावळीत जेवावयास बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी व वरणभात असे पान होते. घरी आल्यावर त्या एकाच पानाच्या चार कथा झाल्या. वकीलसाहेब म्हणाले, भाकरी दगडासारखी होती. पोस्टमास्तर म्हणाले, अशी खुसखुशीत भाकरी वर्षात खाल्ली नव्हती. वैद्यबुवांच्या मते भाजीत तेल फार होते, तर आमच्या मते तिला चवच नव्हती. पुढे बैठकीत उलटतपासणी झाली तेव्हा असे निघाले, की वकीलसाहेबांची कवळी नवी होती. पोस्टमास्तर पहाटेपासून उपाशी होते. वैद्यबुवा दोन दिवस अपचनाने हैराण होते. आणि आम्ही स्थानकावर उतरताच कोणास न कळत दोन प्लेट भजी खाल्ली होती. म्हणजे आम्ही चौघांनी खाणावळीची परीक्षा केली नव्हती. आपापल्या दातांची आणि पोटांची केली होती. त्या स्वयंपाकघरात चुलीपाशी घामाघूम झालेल्या बाईस यातले काहीच ठाऊक नव्हते. वकीलसाहेबांनी आपले मत चार ठिकाणी सांगितले असते, तर तिचे चार गिऱ्हाईक एका कवळीपायी बुडाले असते.

आजकाल तर ताट समोर येताच त्याचे छायाचित्र मोबाईलवरून सर्वत्र जाते, आणि घास घेण्यापूर्वीच पाचांपैकी किती तारका द्यावयाच्या ते ठरते. आमचा त्यास विरोध नाही. चांगली खाणावळ त्यामुळे परगावच्या मनुष्यास सापडते. पण तारका देणाऱ्याने आपण किती भुकेले होतो व आपले दात कसे आहेत हेही लिहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

सायंकाळी गुरुनानक झिरा येथील गुरुद्वारात गेलो. गुरु नानकदेव येथे आले असता गोड्या पाण्याचा झरा प्रकट झाला, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. तेथील लंगरात ओळीने बसून आम्ही प्रसाद घेतला. त्या जेवणाविषयी आमच्या चौघांत मतभेद झाला नाही. वैद्यबुवा म्हणाले, "जेथे बिल नाही, तेथे जीभ न्यायाधीश होत नाही." या वाक्यावर आम्ही अजून विचार करीत आहो. एकेकाळी आपल्या समाजात कोणी कोणाबरोबर काय घेतले यावर वादळे उठत. 1890 साली पुण्यास पंचहौद मिशनच्या मंडळींनी दिलेल्या चहाला रानडे व टिळक यांच्यासारखे लोक उपस्थित होते. गोपाळराव जोशी यांनी त्या सर्वांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि ते प्रकरण ग्रामण्यापर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या काळी लोक काय खाल्ले हे लपवीत. आज कोणी ते लपवीत नाही. लपवितो ते स्वतःची फजिती. आमच्या हातूनही तेच घडले.

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी आम्ही झरणी नृसिंहाच्या दर्शनास गेलो. डोंगराच्या पोटात खोदलेल्या बोगद्यात हे दैवत आहे. आत कमरेपासून छातीपर्यंत पाणी असते, त्यातूनच चालत जावे लागते. वर वटवाघळे लटकलेली असतात आणि शेवटी भिंतीवर नृसिंहाची मूर्ती आहे. नृसिंहाने मारलेला जलासुर पाणी होऊन देवाच्या चरणांपासून वाहू लागला, अशी कथा सांगतात. आम्ही धोतराचा काचा मारून उत्साहाने पाण्यात उतरलो. पन्नास एक पावलांनंतर पाणी छातीशी आले, मागे व पुढे माणसांची दाटी झाली, हवा कोंदट वाटू लागली आणि आमचा श्वास कोंडला. "तुम्ही पुढे व्हा, आम्ही आलोच," असे मित्रांस सांगून आम्ही भिंतीच्या आधाराने परत फिरलो, आणि बाहेर येऊन ओल्या वस्त्रांनिशी पायरीवर बसलो. तिघे दर्शन घेऊन आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले, परंतु कोणी काही विचारले नाही.

घरी आल्यावर सुनेने विचारले, "दर्शन चांगलं झालं ना?" आम्ही म्हणालो, "उत्तम झाले. काही त्रास नाही." गल्लीत, देवळात, वाण्याच्या दुकानात हेच सांगितले, दोनदा सांगितल्यावर तिसऱ्यांदा मूर्तीचे वर्णनही केले. ते वर्णन अर्थातच वैद्यबुवांकडून ऐकलेले होते. तिघे मित्र शेजारी उभे असत व मान हालवीत. आमचा मान राखावा एवढाच त्यांचा हेतू होता.

आठ दिवसांनी शेजारच्या वाड्यातील माईंचे चिरंजीव आले. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कुलदैवत नृसिंह, छातीला किंचित दम्याची तक्रार. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हणता झरणीला काही त्रास नाही. आई फार दिवसांपासून मागं लागली आहे. रविवारी घेऊन जावं म्हणतो. तुम्ही या वयात जाऊन आलात, म्हणजे हरकत नसावी." आम्ही "बघू, विचार करून सांगतो" असे काहीसे पुटपुटलो. ते गेल्यावर आम्हांस पाण्याचा एक घोटही घशाखाली उतरेना.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून कपाटातून गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' काढून बसलो. वरसईचे हे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेकडे निघाले आणि 1857च्या धामधुमीत सापडले. पुढे त्यांनी लिहिलेली ती हकीकत चिंतामणराव वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केली. झाशी पडली तेव्हा हे भटजी जीव मुठीत धरून लपून बसले होते, आणि विशेष हे, की लपून बसल्याचे ते लपवीत नाहीत. भूक लागली तर भूक लागली म्हणतात, लुटले गेलो तर लुटले गेलो म्हणतात. भयाची जागा ते शौर्याने भरीत नाहीत, म्हणूनच त्यांच्या इतर शब्दांवरही आपला विश्वास बसतो. ज्या भिक्षुकास शाळा ठाऊक नव्हती त्याने हे केले, आणि चाळीस वर्षे मुलांस निबंध शिकविणाऱ्या आम्हांस पन्नास पावलांची कबुली देता येईना!

प्रातःकाळी स्नान आटोपून आम्ही माईंकडे गेलो. चिरंजीवांसमक्ष व सुनांसमक्ष सांगितले, "माई, आम्ही दर्शन घेतले नाही. अर्ध्या वाटेवरून घाबरून परत आलो. आत हवा कोंदते. दमा असणाऱ्याने जाऊ नये." घरात क्षणभर कोणी बोलले नाही. आम्हांस वाटले, आता यांच्या दृष्टीने आमची इतक्या वर्षांची पत गेली. माईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं झालं गुरुजी, सांगितलंत. देव काय आतच आहे होय? मी बाहेर पायरीवर बसून हात जोडीन. तुम्ही बसला होतात ना, त्याच पायरीवर."

आणि तसेच झाले. रविवारी माई गेल्या, झऱ्याच्या तोंडाशी बसून त्यांनी पाण्यास हात लाविला, नमस्कार केला आणि सुखरूप परत आल्या. आम्हांस प्रसादाचा नारळ आला. त्या सायंकाळी बैठकीत आम्ही मित्रांवर रागावलो, "आम्ही खोटे सांगत होतो, तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?" पोस्टमास्तर म्हणाले, "गुरुजी, तुमचा मान होता." वैद्यबुवा मात्र खाली मान घालून म्हणाले, "चूक आमचीही. त्या बाईंना दमा आहे हे मला ठाऊक होतं. चिरंजीव निघाले असते तर मी बोललो असतो, असं स्वतःला सांगत होतो." मित्राचा मान राखण्यासाठी पाळलेले मौन एखाद्या तिसऱ्याच मनुष्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्या दिवशी आम्हां चौघांस एकदमच उमगले.

सत्य व प्रिय या दोहोंची सांगड घालावी, असे आपले स्मृतिकार सांगतात. प्रवासाच्या बाबतीत ही सांगड अवघड नाही. खाणावळीतील अन्न रुचले नाही, तर दोष आपल्या पोटाचा की तेथील चुलीचा हे आधी पाहावे. एका भोजनावरून कोणाच्या पोटावर पाय देऊ नये. पण वाट किती चढाची, पाणी किती खोल, पिण्याचे पाणी मिळते की नाही, वृद्धांस बसावयास जागा आहे की नाही, या गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगाव्यात, आणि आपण जेथून परतलो ते स्थळ तर अवश्य सांगावे. आपल्या शब्दावर विसंबून दुसरा कोणी आपल्या आईचा हात धरून निघणार असतो.

आमच्या बैठकीत आता "छान झाला" हे शब्द वर्ज्य आहेत. पुढील महिन्यात खरोशाची लेणी पाहावयास जाण्याचा बेत आहे. तेथे किती पायऱ्या चढलो व कितव्या पायरीवर बसलो, ते वाचकांस यथातथ्य कळवू.